घरच्या शेडमधली गाडी आणि गॅरेजमधला खोकला

आमच्या चाळीतला एक मुलगा डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये कामाला आहे. बारावी अर्धवट सुटली, पण हात चांगला. मागच्या रविवारी सकाळी मोबाईल घेऊन तो आमच्या दारात आला आणि म्हणाला, "काका, हे बघा. हा इंग्लंडमधला माणूस. शाळेत मास्तर आहे म्हणे. घरामागच्या शेडमध्ये दोन वर्षं एकच गंजलेली गाडी खोलून बसलाय. याला गॅरेज परवडत नाही का?"

मी म्हणालो, "परवडत असेल की."

"मग स्वतः का करतो? आम्ही हेच काम करतो तर लोक म्हणतात, शिकला नाही म्हणून गॅरेजला लागला. हा शिकलेला माणूस हौसेनं हात काळे करतो, तर त्याचं कौतुक."

एवढे बोलून त्याला खोकल्याची उबळ आली. पाणी दिले, बसवले. खोकला थांबल्यावर तो गेला, पण त्याचा प्रश्न काही मला सोडेना. मी कारकून माणूस. खतावणी आणि रोजमेळ यांत आयुष्य गेले. पान्याशी माझा संबंध सायकलची चेन बसवण्यापुरता. तरी तो व्हिडिओ संध्याकाळी पूर्ण पाहिला, मग आठवडाभर या विषयावर मिळेल ते वाचले, अडले तिथे त्या मुलालाच विचारले. जे कळले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो. विषय परदेशातल्या हौसेचा आहे, पण थोडा धीर धरावा. तो आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचतो.

त्या मास्तरांची गाडी एमजीबी. आपल्याकडे २०१९ पासून एमजी नावाच्या मोठमोठ्या गाड्या रस्त्यावर दिसतात. त्यांच्या नाकावरचा बिल्ला तेवढा जुना, बाकी त्या गाडीशी काही नाते नाही. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. विल्यम मॉरिस नावाच्या मुलाने ऑक्सफर्डमध्ये आईवडिलांच्या घरीच चार पौंड भांडवलावर सायकल दुरुस्तीचे काम सुरू केले, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्यातून पुढे मोटारीचा कारखाना उभा राहिला. त्याच्या गॅरेजचा व्यवस्थापक सेसिल किंबर याने साध्या मॉरिस गाडीचेच सामान वापरून हलक्या, चपळ, दोन माणसांच्या गाड्या बनवायला सुरुवात केली. त्याच या स्पोर्ट्स कार. स्पोर्ट्स कार म्हटले की आपल्याला सिनेमातल्या शेठजींच्या मुलाची कोट्यवधींची गाडी आठवते. एमजी त्यातली नव्हे. ती पगारदार माणसाला हप्त्याने झेपेल अशी होती. एमजीबी हे तिचे सर्वांत खपलेले रूप, १९६२ ते १९८० पर्यंत ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात बनले. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यातल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. १९८० मध्ये कारखाना बंद झाला आणि तिथल्या कामगारांची नोकरी गेली. गाड्या मात्र अजून चालतात.

आणि आपल्याला ही गाडी पूर्ण परकी आहे असेही नाही. आपली अँबेसिडर ही मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीवरून बेतलेली. पुढे तिला जे १४८९ सीसीचे इंजिन आले, ते आणि एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन एकाच बी-सीरीज घराण्यातले. टॅक्सी स्टँडमागच्या गल्लीत, पिंपाच्या झाकणावर ज्या मिस्त्रीने अँबेसिडरचे हेड उघडले असेल, त्याच्यापुढे उद्या एमजीबी आणून उभी केली तर तो फार वेळ डोके खाजवणार नाही.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येतो. शाळामास्तरासारख्या माणसाला हे काम येते कसे? त्यामागे जॉन हेन्स नावाच्या माणसाची मोठी गंमतीची हकीकत आहे.

हेन्सचा जन्म १९३८ चा, सिलोनमधला. वडील चहाच्या मळ्यावर व्यवस्थापक. पुढे त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले. शाळेत रग्बीऐवजी त्याने एका जुन्या ऑस्टिन सेव्हन गाडीची स्पोर्ट्स कार करण्याची परवानगी मिळवली. काम कसे केले याची छोटी पुस्तिका काढली, तर २५० प्रती दहा दिवसांत संपल्या! मोठा होऊन तो विमानदलात अधिकारी झाला. १९६५ च्या सुमारास एडनला असताना त्याच्या एका सहकाऱ्याने जुनी स्प्राइट गाडी घेतली होती. स्प्राइट म्हणजे बेडकासारखे डोळे वर आलेली बुटकी स्पोर्ट्स कार. तीही ॲबिंग्डनच्याच कारखान्यातली. गाडी मोडकळीला आलेली. दोघांनी ती दुरुस्त करायला घेतली आणि कंपनीचे अधिकृत पुस्तक उघडले. तेव्हा हेन्सच्या लक्षात आले की हे पुस्तक सामान्य माणसासाठी लिहिलेलेच नाही. ज्याला काम आधीच येते, ज्याच्याकडे कारखान्याची खास अवजारे आहेत, त्यालाच ते कळणार.

मग त्याने काय केले? गाडी खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो काढला, जोडतानाही काढला. फोटोखाली साध्या भाषेत लिहिले. कोणता बोल्ट आधी, कोणता नंतर, कुठे जोर लावायचा, कुठे लावायचा नाही. १९६६ मध्ये ते पुस्तक छापून आले. पहिल्या आवृत्तीच्या ३००० प्रती तीन महिन्यांच्या आत संपल्या. त्यानंतर गाडीमागून गाडी घेऊन, प्रत्यक्ष खोलून-जोडून, अशी पुस्तके निघत राहिली. एमजीबीचेही निघाले. जगभरात त्यांचा खप वीस कोटींच्या पलीकडे गेला. हेन्स २०१९ मध्ये वारला.

मला ही हकीकत फार महत्त्वाची वाटते. विद्या त्याच्या आधीही होती. कारखान्याला होती, मिस्त्रीला होती. पण ती बंद खोलीत होती. एकाने दार उघडून सगळे फोटोसह बाहेर मांडले आणि गिरणीतला मजूर, पोस्टमन, मास्तर यांच्या हाती ती आली. ज्याला विकत घ्यायला जमत नव्हते, तो वाचनालयातून पुस्तक आणून तेलकट बोटांनी पाने उलटीत असे. जोडीला क्लब होते. एमजी कार क्लब १९३० पासूनचा, मालकांचा दुसरा क्लब १९७३ पासूनचा. तांत्रिक विद्यालयांत संध्याकाळी वेल्डिंगचे वर्ग चालत. असा सगळा आधार होता म्हणून घरच्या शेडमध्ये गाडी उभी राहू शकली.

प्रत्यक्ष काम कसे चालते? पहिले कित्येक आठवडे फक्त खोलण्यात जातात. इथेच निम्मे लोक फसतात. खोलायला मजा येते. भराभर नट-बोल्ट काढून एका डब्यात टाकले जातात आणि वर्षभराने त्या डब्याकडे बघून माणूस घाम पुसत बसतो. जाणता माणूस प्रत्येक जागेचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत घालतो, पिशवीवर चिठ्ठी लावतो, फोटो काढतो. मोडका भागसुद्धा नवा बसेपर्यंत टाकत नाही, कारण नवा कसा बसायचा हे जुनाच सांगतो. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री तेल सोडून ठेवायचे, सकाळी जोर लावायचा. घाई केली की डोके तुटून हातात येते. वाचताना माझ्या मनात आले, हे तर आमच्या रेकॉर्ड रूमचे काम! फाईल सोडली तर पानांवर आकडे टाका, नाहीतर पुन्हा बांधता येणार नाही.

मग खरा शत्रू भेटतो, तो म्हणजे गंज. ट्रकला किंवा जीपला खाली वेगळी चासी असते, वरचा सांगाडा तिच्यावर ठेवलेला असतो. एमजीबीला तशी वेगळी चासी नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून सगळी ताकद आणलेली. त्यात वरचे छप्पर कापडी, म्हणजे वरून काही आधार नाही. दोन्ही दारांच्या खाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जी पत्र्याची लांब पेटी जाते, तिला सिल म्हणतात. सगळा भार तिच्यावर. बाहेरचा दिसणारा पत्रा, मधला उभा पत्रा आणि आतला खालचा भाग, अशी ती तीन थरांची असते. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल-पाणी तिच्यात शिरते आणि आतून कुजवते. बाहेर रंग चकचकीत, आत भुगा.

विकणारे यावर काय करतात? कुजलेल्या पेटीवर नवा पत्रा चढवतात, फटीत पुट्टी भरतात, वर रंग मारतात. हा धंदा तिकडेही आहे, आपल्याकडेही आहे. ओळखायची युक्ती सोपी. खिशात एक लहानसे लोहचुंबक ठेवावे. पत्र्याला ते चिकटते. जिथे जाड पुट्टी आहे तिथून घसरून पडते. कोणी जुनी गाडी किंवा रिक्षा घ्यायला निघाला असेल तर त्याने एवढे करावे. दुसरी खूण दाराची. एमजीबीची सिल कुजली की गाडी मध्येच वाकू लागते आणि दाराची वरची फट कमी होत जाते.

सिल बदलणे हे या सगळ्या कामातले सर्वांत जबाबदारीचे काम. नुसती कापून काढली तर गाडी मधोमध खचेल, मग दार कधीच नीट लागणार नाही. म्हणून आधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल वेल्ड करून आधार देतात. सांगाडा सपाट पातळीवर घोड्यांवर ठेवतात. दार काढून ठेवत नाहीत, जागेवरच लावून ठेवतात, म्हणजे फट बरोबर राहते की नाही हे दर टप्प्याला दिसते. एका वेळी एकच बाजू कापायची. पत्रा पातळ, म्हणून सलग वेल्डिंग मारायचे नाही. इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये थंड होऊ द्यायचे, नाहीतर उष्णतेने पत्रा वाकडा होतो. आणि हे सुरू करण्याआधी पेट्रोलची टाकी काढून दूर न्यायची, बॅटरी सोडवायची. आमच्या मुलाला हे वाचून दाखवले तेव्हा तो हसून म्हणाला, "काका, आमचा उस्ताद असंच करतो. पण का करतो ते त्यानं कधी सांगितलं नाही. आम्ही बघून शिकलो."

बघून शिकलो! आपल्याकडच्या हजारो गॅरेजांची हीच शाळा. पोरगा दहा-बारा वर्षांचा असताना पाने पुसायला लागतो आणि उस्तादाच्या हाताकडे बघत मोठा होतो. उस्ताद गेला की त्याची निम्मी विद्या त्याच्याबरोबर जाते. लिहून कोण ठेवणार?

इंजिनाबद्दल फार लिहीत नाही. ते तुलनेने सोपे आणि दणकट. फक्त दोन कार्बोरेटर एकसारखे ओढतात की नाही हे जुने लोक रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून हवेच्या आवाजावरून ठरवतात, हे मला आवडले. बॅटरीची गंमत अशी की १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे, आपल्या नेहमीच्या गाड्यांच्या बरोबर उलट. न बघता जोडणी केली की नवा रेडिओ जळालाच. इंधनाची गोष्ट मात्र आपल्यालाही लागू आहे. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आपल्याकडे २०२३ पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल येऊ लागले. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, चिरतात. घरात पंधरा-वीस वर्षांची स्कूटर असेल तर तिची पेट्रोलची नळी एकदा बघून घ्यावी. रुपये थोडे लागतात, आग लागली तर फार जातात.

आता हिशेब, कारण तो माझा प्रांत. धंदा म्हणून पाहिले तर घरी गाडी नवी करणे बहुतेक वेळा तोट्याचे. सुटे भाग मुबलक मिळतात. १९८८ पासून तर एमजीबीचा पूर्ण नवा सांगाडा जुन्याच साच्यांवर बनवून विकला जाऊ लागला. पण पत्रा, रंग, सीट, चाके, क्रोम अशी सगळ्यांची बेरीज केली तर तयार गाडीच्या किमतीपुढे जाते. आणि यात एक रक्कम कोणी धरतच नाही, ती म्हणजे मजुरी. बी.कॉम.ला आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते की मजुरी हा खर्च आहे. तो मास्तर शेकडो तास राबतो आणि खतावणीत शून्य लिहितो. कारण ते तास त्याच्या मालकीचे आहेत. शनिवार-रविवार सुट्टी, संध्याकाळ मोकळी. आमच्या मुलाला रविवारची अर्धी सुट्टी. त्याच कामाचे त्याला पैसे मिळतात, पण वेळ त्याचा नाही. "हा हौसेनं का करतो" या प्रश्नाचे माझ्या परीने उत्तर हे आहे. आणि शिकलेल्याचे कौतुक, न शिकलेल्याला नाक मुरडणे, हा दोष कामाचा नव्हे, बघणाऱ्यांचा आहे. त्यात आम्ही पांढरपेशे कारकूनही आलो. गॅरेजमधल्या भाच्याची ओळख करून देताना "सध्या तात्पुरता तिथे आहे" असे मीसुद्धा म्हणालो आहे.

घरच्यांच्या संमतीचाही प्रश्न असतो. जेवणाच्या टेबलावर कार्बोरेटर, न्हाणीघरात गंज, दर महिन्याला कुठलेसे बिल. ज्या घरात बायकोमुलांना विचारून, रक्कम ठरवून काम सुरू झाले, तिथे ते पुरे होते. नाहीतर खोललेली गाडी खोक्यांत भरून, घेतल्यापेक्षा कमी भावात विकली जाते. अशा अर्धवट गाड्यांच्या जाहिराती तिकडे कायम असतात.

आणि आता त्या व्हिडिओतला जो भाग आमच्या मुलाने पुढे ढकलला होता, तो सांगतो. दोन वर्षे प्रत्येक काम स्वतः करणारा, वेल्डिंगसुद्धा स्वतः शिकलेला तो मास्तर, शेवटी रंगाची वेळ आली तेव्हा गाडी बाहेर पाठवतो. म्हणतो, हा रंग मी घरी मारणार नाही.

का? जुन्या काळी गाड्यांना सेल्युलोज रंग मारत. तो ज्वालाग्राही, वासाचा, हवा खेळती हवीच. पण त्यात हार्डनर नसे. आता बहुतेक ठिकाणी रंगात हार्डनर मिसळून मारतात. त्याने काचेसारखी चकाकी येते. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. स्प्रे गनमधून उडणाऱ्या धुक्याबरोबर ती फुप्फुसात जातात आणि काही माणसांना दमा जडवतात. ब्रिटनमध्ये कामामुळे होणाऱ्या दम्याच्या कारणांत यांचे नाव वरच्या क्रमांकाला आहे. एकदा शरीराला त्यांचे वावडे झाले की पुढे अगदी थोड्या वाफेनेही छाती भरून येते. मग ते काम कायमचे सोडण्यावाचून उपाय राहत नाही. तिकडच्या सरकारी नियमानुसार हा रंग मारणाऱ्याने बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा घालायचा असतो. रंग मारून झाल्यावरही तो लगेच वर करायचा नाही, कारण डोळ्याला न दिसणारे धुके खोलीत बराच वेळ तरंगत असते. रुमाल, कापडी पट्टी किंवा करोनाच्या काळातला मास्क यांनी ते अडत नाही.

मी मुलाला विचारले, "तू काय लावतोस?"

"रुमाल बांधतो. जास्त काम असलं तर ओला करतो."

"खोकला कधी येतो?"

"संध्याकाळी. रात्री जास्त. दिवाळीला आठ दिवस गॅरेज बंद होतं, तेव्हा बरा होता."

त्याची आई दारात उभी होती. म्हणाली, "मी म्हणते हवा बदलली म्हणून. काढा देते." त्या माऊलीला काय सांगायचे? कामाच्या दिवशी वाढतो आणि सुट्टीत कमी होतो, हीच कामातून आलेल्या दम्याची ओळखीची खूण. निदान डॉक्टरच करणार, मी नव्हे. पण डॉक्टरकडे गेल्यावर "खोकला आहे" एवढेच सांगून चालत नाही. "मी गाडीला हार्डनरचा रंग मारतो, इतकी वर्षे मारतो, सुट्टीत बरे वाटते" हे तोंडाने सांगायला हवे. नळीत फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजायची एक साधी तपासणी असते, ती करा म्हणावे. लवकर कळले आणि तो रंग सुटला तर पुष्कळांना आराम पडतो. उशीर झाला तर दुखणे जन्माचे.

दुसरा धोका ब्रेकचा. जुन्या गाड्यांच्या ब्रेक शूजमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ब्रिटनने १९९९ मध्ये त्याच्या उरलेल्या वापरावरही बंदी घातली. आपल्याकडे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर अजून सरसकट बंदी नाही. ड्रम उघडला की आतली काळी भुकटी कंप्रेसरच्या हवेने उडवायची, ही आपल्या गॅरेजातली रोजची सवय. घरी गाडी दुरुस्त करणाऱ्यांना तिकडे पहिली ताकीद हीच असते की ती भुकटी उडवू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका, ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बंद करा. त्या धुळीचे आजार वीस-तीस वर्षांनी डोके वर काढतात. आणि माझ्या आया-बहिणींनी हे विशेष वाचावे. नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुतल्यामुळे ही धूळ श्वासात जाऊन बायकांना कर्करोग झाल्याची उदाहरणे वैद्यकाच्या नोंदीत आहेत. गॅरेजचे कपडे गॅरेजमध्येच बदलावेत. घरी आणलेच तर झटकू नयेत, आधी पाण्यात भिजवावेत, लेकरांच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत.

तिसरे जॅकचे. गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरणारे तिकडेही मेले आहेत, इथेही मरतात. जॅक उचलण्यासाठी असतो. आधार घोड्यांनी द्यायचा. याहून जास्त लिहायची गरज नाही.

मुखवट्याचे मी त्या मुलाच्या मालकाशी बोललो. माणूस वाईट नाही. चहा पाजला. म्हणाला, "साहेब, तसला मुखवटा घ्यायचा तर त्याला वेगळी स्वच्छ हवा लागते, कंप्रेसरला फिल्टर लागतो. गिऱ्हाईक पाचशे रुपयांसाठी घासाघीस करतं. आणि पोरं घालत नाहीत हो, गरम होतं म्हणतात." त्यातले शेवटचे वाक्य मी मानले नाही. पोरांना कोणी हार्डनरच्या डब्यावर काय लिहिले आहे ते वाचून दाखवले होते का, असे विचारले. तो म्हणाला, ते इंग्रजीत असते. चार-पाच पोरांच्या गॅरेजात तपासायलाही कोणी येत नाही, हे तो बोलला नाही, पण दोघांनाही माहीत होते. निघताना त्याने पुढच्या महिन्यात बघतो म्हटले आहे. मी तारीख लिहून घेतली आहे.

मुलाला त्याच दिवशी दोनशे पानी वही आणून दिली. म्हटले, उस्ताद जे हाताने करतो ते तू रोज एक पान लिही, फोटो काढ. चार दिवसांत त्याने सहा पाने लिहिली. मडगार्डचा पत्रा ठोकताना मागून कुठला ठोकळा धरायचा, दार बसवताना बिजागरीखाली किती वायसर घालायचे, याची चित्रेसुद्धा काढली. शुद्धलेखन यथातथा आहे, चित्रे उत्तम. सातव्या पानावर नुसतेच 'हार्डनर' लिहून खाली जागा सोडली आहे.

गुरुवारी आम्ही दवाखान्यात जाऊन आलो. फुंकर मारायची तपासणी सोमवारी आहे, तोवर डॉक्टरांनी रंगाच्या खोलीत जायचे नाही असे बजावले आहे, आणि उस्तादाने त्याला पत्र्याच्या कामावर घेतले आहे. डब्यावरच्या लेबलचा फोटो त्याने मोबाईलवर काढून आणला आहे. अक्षरे मुंगीएवढी आहेत, पण मोठी करून दिसतात. आज रात्री जेवणानंतर आम्ही दोघे बसून ती एकेक ओळ मराठीत उतरवणार आहोत.